पकडलेली राणी मुंगी : ओळख आणि सुरुवातीचे काही आठवडे

नमस्कार. पावसाची सर येऊन गेली, वारा पडला आणि हवेत दमटपणा राहिला, की जमिनीवर एकटीच सैरभैर धावणारी एखादी मोठी मुंगी पुष्कळांच्या नजरेस पडते. ती डबीत घेतल्यावर पहिला प्रश्न उभा राहतो, की ही खरोखर राणी आहे का? याचे उत्तर नुसत्या आकारावरून देऊ नये, कारण अनेक जातींत मोठ्या डोक्याच्या कामकरी मुंग्याही असतात, ज्यांना आपण सैनिक म्हणतो, आणि नवख्यांची फसगत बहुधा त्यांच्यामुळेच होते.

पाहायचे ते वक्ष, म्हणजे डोके आणि पोट यांच्या मधला, सहाही पाय जिथून निघतात तो भाग. कामकरी मुंगीला पंख कधीच नसतात, त्यामुळे तिचे वक्ष अरुंद आणि पाठीवर साधे असते. राणीच्या वक्षात उडण्याचे स्नायू भरलेले असल्यामुळे ते फुगीर, वरून घुमटासारखे आणि वेगवेगळ्या पट्ट्यांनी जोडल्यासारखे दिसते. तिने पंख टाकले असतील, तर भिंग धरून बाजूने पाहावे : पंख जिथून तुटले तिथे बारीक, गडद खुणा राहिलेल्या असतात. कपाळावर तीन ठिपक्यांसारखे साधे डोळेही दिसतात, पण ते काही जातींच्या कामकरी मुंग्यांतही आढळतात, म्हणून तेवढ्यावर निर्णय देऊ नये. पंख असलेली, लहान डोक्याची, मोठ्या डोळ्यांची आणि सडपातळ मुंगी मिळाली, तर तो नर समजावा. तो फार दिवस जगत नाही. त्याला सोडून द्यावे.

पंख गळाले म्हणजे मीलन झालेच, असे मात्र नाही. मीलन न झालेली राणीही कधीकधी पंख टाकते आणि अंडीसुद्धा घालते. फरक इतकाच, की फलन न झालेल्या अंड्यांतून सहसा नरच निपजतात. म्हणून खात्रीचा पुरावा एकच, पहिली कामकरी मुंगी, आणि तिची वाट पाहण्याला पर्याय नाही.

आता तिच्या घराविषयी. काचेच्या परीक्षानळीचा साधारण एक तृतीयांश भाग पाण्याने भरावा आणि कापसाचा बोळा पाण्याला टेकेपर्यंत आत सरकवावा. बोळा ओला झाला पाहिजे, परंतु त्यातून पाणी झिरपता कामा नये. तो सैल बसला तर राणी बुडते. पलीकडच्या कोरड्या भागात राणीला सोडून तोंडाशी दुसरा कापूस हलकाच लावावा, म्हणजे हवा खेळती राहते. नळी जाड कापडात गुंडाळून उन्हापासून आणि धक्क्यांपासून दूर ठेवावी. आठवड्यातून एकदा, तेही काही क्षणच पाहावे. सारखे उघडून पाहणाऱ्याच्या हाताने जितक्या वसाहती बुडतात, तितक्या उपासमारीने बुडत नसाव्यात, असे माझे मत आहे; कारण वारंवार हादरे बसले की घाबरलेली राणी स्वतःची अंडी खाऊन टाकते.

मग तिला खायला काय द्यायचे? बहुसंख्य जातींच्या बाबतीत उत्तर आहे, काहीच नाही. अशी राणी बिळात स्वतःला कोंडून घेते, आता निरुपयोगी झालेले उडण्याचे स्नायू शरीरातच विरघळवते आणि त्यावर व साठवलेल्या चरबीवर स्वतःही जगते, पहिल्या अळ्याही पोसते. लेसियस नायगर जातीची राणी या प्रकारातली. पाळलेल्या अवस्थेत तिने अठ्ठावीस वर्षांहून अधिक आयुष्य काढल्याची नोंद आहे, तेव्हा दोन-चार आठवड्यांची घाई आपल्यालाच असते. ओडोन्टोमेकस किंवा मिर्मेशिया अशा काही गटांतल्या राण्या मात्र या काळातही बाहेर पडून शिकार करतात. त्यांना उपाशी ठेवणे घातक ठरते, म्हणून त्यांना प्रशस्त जागा आणि बारीक कीटक द्यावेत. गट ओळखता आला नाही, तर साखरपाण्याचा अगदी लहान थेंब कागदाच्या तुकड्यावर ठेवून पाहावा आणि दुसऱ्या दिवशी काढून घ्यावा.

राणी अंड्यांचा पुंजका जबड्यात धरून चाटत असते, ते पाहिले की सारे सुरळीत आहे असे समजावे. या चाटण्यामुळे अंड्यांवर बुरशी धरत नाही. कापसावर थोडी बुरशी आली तरी घाबरून राणीला ओढून काढू नये. नवी नळी तोंडाला तोंड लावून जोडावी, जुनीवर उजेड आणि नवीवर अंधार ठेवावा. ती सवडीने स्वतःहून पिल्ले घेऊन जाते.

उबदार जागेत साधारण महिना-दोन महिन्यांत पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर पडतात. त्या नेहमीपेक्षा खूपच लहान असतात, ते आजारपण नव्हे. त्यांच्यापासून खाऊ सुरू करावा : साखरपाण्याचा थेंब आणि चिरडलेल्या छोट्या कीटकाचा तुकडा, उरलेला दुसऱ्या दिवशी उचलून. मोठ्या घरात हलवण्याची तयारी मुंग्यांची संख्या वीस-पंचवीसच्या पुढे गेल्यावरच करावी.