तळघरातलं डिस्टॉर्शन

(दृश्य: गिटार अँपच्या जाळीला जवळजवळ टेकलेला माइक)

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात वॉटरटाऊन नावाचं शहर आहे. 1970 च्या दशकात तिथल्या एका घराच्या तळघरात टॉम शोल्झ नोकरी सांभाळून गिटार रेकॉर्ड करत असत. शिक्षण एमआयटीचं, नोकरी पोलरॉईड कंपनीत इंजिनिअरची. 1976 साली 'बॉस्टन' या त्यांच्या बँडचा पहिला अल्बम आला आणि त्यातली बरीचशी गिटार याच तळघरात वाजलेली होती. रेकॉर्ड कंपनीचा आग्रह होता की सगळं मोठ्या स्टुडिओत नव्याने वाजवा. बँडमधली बाकीची मंडळी लॉस एंजेलिसला गेली, शोल्झ मात्र घरीच काम करत राहिले. अमेरिकेत या अल्बमला 1 कोटी 70 लाख प्रतींच्या विक्रीचं प्रमाणपत्र मिळालं आहे.

म्हणूनच "घरी रेकॉर्ड केलंय, गिटार अशीच वाजणार" हे मला अजिबात पटत नाही.

अडचण मात्र खरी आहे. व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांच्या अँपला (अँप म्हणजे अँप्लिफायर, गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र) झेपेनासा सिग्नल मिळाला, की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात. त्यातून मूळ स्वरात नसलेले हार्मोनिक्स, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर, तयार होतात. हेच डिस्टॉर्शन. पण त्यासाठी जुन्या अँपचा व्हॉल्यूम इतका चढवावा लागतो, की फ्लॅटमध्ये दहाव्या मिनिटाला दारावरची बेल वाजेल. शोल्झ यांनी 1980 साली 'पॉवर सोक' नावाचं उपकरण बाजारात आणलं ते याच दुखण्यावर. अँप आणि स्पीकरच्या मध्ये ते जोडायचं. अँप पूर्ण ताकदीने चालतो, पण त्यातली बरीचशी शक्ती उष्णता होऊन निघून जाते आणि स्पीकरपर्यंत थोडीच पोचते.

आज अँपचं काम लॅपटॉप करतो. गिटार ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे तिचा सिग्नल लॅपटॉपपर्यंत नेणाऱ्या डब्याला, जोडताना 'इन्स्ट' किंवा 'हाय-झेड' लिहिलेलं बटण दाबलेलं असू द्या, नाहीतर पिकअपच्या (तारांची कंपनं टिपणाऱ्या गिटारवरच्या भागाच्या) आवाजातला वरचा चकाकता भाग सुरुवातीलाच मरतो.

(दृश्य: स्पीकरचा कागदी कोन, मधोमध गोल टोपी)

घरच्या बहुतेक रेकॉर्डिंगचा घात होतो तो स्पीकरपाशी. गिटारचा स्पीकर 5000 हर्ट्झच्या आसपास वरचा आवाज झपाट्याने सोडून देतो. ही त्याची उणीव नाही, डिस्टॉर्शन ऐकण्यासारखं होतं ते त्यामुळेच. स्पीकर वगळून तोच सिग्नल थेट ऐका, डब्यात कोंडलेली गांधीलमाशी ऐकू येते. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये अँपच्या नंतर आयआर, म्हणजे खऱ्या स्पीकरची आणि माइकची ध्वनिछाप, हवीच. लोक अँपची मॉडेलं बदलत बसतात. माझं ठाम मत आहे, आधी आयआर बदलून पाहा.

खरा अँप असेल तर माइक बदलण्याआधी माइकची जागा बदला. 1965 पासून वापरात असलेला शुअर एसएम57 आजही पुरेसा आहे. तो टोपीच्या मध्यावर रोखला तर आवाज धारदार येतो. तिथून कडेकडे दोन-तीन सेंटीमीटर सरकवा, धार उतरते, अंग भरतं. इक्वलायझरची बटणं कितीही फिरवली तरी हा फरक तसा साधत नाही.

आता गेन, म्हणजे अँपला सिग्नल किती जोरात द्यायचा ते. गिटारवर पाचव्या तारेचा मोकळा स्वर 110 हर्ट्झचा. त्याला षड्ज धरा आणि त्याचा पंचम, सुमारे 165 हर्ट्झचा, सोबत वाजवा. डिस्टॉर्शनमध्ये या दोन स्वरांमधल्या फरकाचाही एक स्वर उमटतो, 55 हर्ट्झचा. म्हणजे बरोबर एक सप्तक खालचा षड्ज! दोन तारांची पॉवर कॉर्ड इतकी भरदार का वाटते, ते इथे कळतं. तंबोऱ्यातल्या षड्ज-पंचमावर कान तयार झालेल्या माणसाला हे लगेच जाणवेल. पण त्यात गांधार मिसळला की असे फरकाचे स्वर इतके सुरेल जुळत नाहीत, आणि गेन जितका जास्त तितका हा गाळ वर येतो. म्हणून एकट्याने वाजवताना आवडतो त्यापेक्षा गेन बराच कमी ठेवा. उजव्या हाताचा आघात ऐकू आला पाहिजे.

कमी गेनने गिटार बारीक वाटेल. मग तोच भाग दुसऱ्यांदा वाजवा, एक टेक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. पहिल्या टेकची कॉपी चालत नाही. दोन्हीकडे हुबेहूब तेच असेल तर कान त्याला मध्येच ऐकतो. रुंदी येते ती हाताच्या सूक्ष्म फरकांतून, त्यामुळे इथे खरोखर रियाझ लागतो.

घूं असा आवाज येत असेल तर तो बहुधा आपल्या 50 हर्ट्झच्या विजेचा. चार्जर काढा, मॉनिटरपासून दूर सरका, बसण्याची दिशा बदलून पाहा. हंबकर, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपला हा त्रास फार कमी होतो.

शेवटी गिटारचा 80 ते 100 हर्ट्झखालचा भाग फिल्टरने काढून टाका. तिथे बेस गिटार आणि किक ड्रमला राहू द्या. ट्रॅक सोलो करून, म्हणजे एकटाच ऐकलात तर गिटार अशक्त वाटेल आणि काढलेला भाग परत द्यायचा मोह होईल. तो आवरा, सोलोचं बटण सोडा आणि पुढचे सगळे निर्णय ड्रम आणि बेस वाजत असतानाच घ्या.