एमए, एमएस्सी झालं, पीएचडीला लागलात, आता पैशाचं बोलूया

नमस्कार मंडळी. आज ज्यांच्याशी बोलायचंय त्यातले बरेचजण आत्ता कुर्ल्याहून कलिनाला जाणाऱ्या बसमध्ये नाहीतर शेअर रिक्षात असतील, मांडीवर बॅग आणि बॅगेत सिनॉप्सिसचा तिसरा का चौथा ड्राफ्ट. एमए, एमएस्सी करणारी मुलं, नुकतंच पीएचडीचं रजिस्ट्रेशन झालेली, आणि पीएचडी हातात असूनही सीएचबीवर तासाच्या हिशोबाने शिकवणारी. मी पण ह्याच वाटेने गेलेय, डोंबिवलीहून रोज, आणि माहिती उशिरा कळल्यामुळे मुलांची वर्षं कशी जातात ते इतक्या जवळून पाहिलंय की आज पैसे आणि कागदपत्रं ह्यावरच बोलणार आहे.

आधी जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना दर महिन्याला पैसे देणारी ज्युनिअर रिसर्च फेलोशिप. ती मिळते नेट परीक्षेतून: यूजीसी-नेट वर्षातून दोनदा, जूनची आणि डिसेंबरची, सायन्सच्या बहुतेक विषयांसाठी सीएसआयआरची वेगळी. जेआरएफ लागली की जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, मग कमिटीसमोर काम दाखवून एसआरएफ, म्हणजे सीनियर फेलो, झालात की ४२,०००, शिवाय हॉस्टेल मिळालं नसेल तर एचआरए, म्हणजे घरभाडे भत्ता, आणि मुंबई एक्स वर्गातलं, म्हणजे सगळ्यात मोठ्या शहरांतलं, म्हणून तो सगळ्यात वरच्या दराने. आणि एक कंटिन्जन्सी, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चाचे वेगळे पैसे, असते बरं का. भाषा, सोशल सायन्सवाल्यांना पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० आणि नंतर २०,५००, सायन्सवाल्यांना १२,००० आणि नंतर २५,०००. पुस्तकं, झेरॉक्स, केमिकल्स, फील्डवर्कचं तिकीट, सगळं ह्यातून निघतं, पण पाच वर्षांत एकदाही हा पैसा न मागितलेली मुलं मला माहितीयत, कारण कुणी सांगितलंच नाही आणि बिलं तोवर कचऱ्यात गेलेली. बिलं जपा हो, एक फाईल करा साधी.

जेआरएफ हुकली तरी तो स्कोअर फुकट जात नाही. २०२४ पासून नेटवर पीएचडीला ॲडमिशन मिळते, नेटच्या मार्कांना ७० टक्के आणि इंटरव्ह्यूला ३० टक्के वेटेज. पण ॲडमिशनसाठी तो स्कोअर एकच वर्ष चालतो आणि गाईड शोधण्यातच सहा महिने कसे जातात कळत नाही, तेव्हा रिझल्ट लागल्या लागल्या गाईडना मेल टाकायला लागा.

मग आपल्या राज्याच्या फेलोशिप. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी बार्टी, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती, आदिवासी मुलांसाठी टीआरटीआय. जाहिरात गेल्या वर्षी ज्या महिन्यात आली त्याच महिन्यात यंदा येईल ह्या भरवशावर राहू नका, आणि जात वैधता, नॉन क्रिमीलेयर वगैरे जे काही लागतं ते आधीच काढून ठेवा, जाहिरात आल्यावर सेतूच्या लाईनीत उभं राहून काही होत नाही. ह्याच फेलोशिपसाठी मुलं आझाद मैदानात आंदोलनाला बसलेली आपण पाहिलीयत. लायब्ररीत बसायच्या वयात मुलांना मैदानात बसावं लागतं ह्याचं मला फार वाईट वाटतं आणि रागही येतो.

माझा स्वतःचा स्टायपेंड सात महिने अडकला होता. कुठे ते सांगत नाही, पण कारण एवढंच की दर महिन्याला माझं नाव पोर्टलवर कन्फर्म व्हायला हवं होतं आणि ते काम बघणारा माणूस बदलून गेला होता, नवीन माणसाला लॉगिनच मिळालं नव्हतं. मी बापडी गप्प. पैशाचं कसं विचारायचं, गाईडला काय वाटेल, ह्याच विचारात सात महिने घरभाडं वडिलांनी भरलं आणि त्यांचं रिटायरमेंट झालेलं होतं. शेवटी एका सीनियरने हात धरून ऑफिसात नेलं, लेखी अर्ज द्यायला लावला, त्यावर इनवर्ड नंबर घ्यायला लावला, आणि तीन आठवड्यांत काम झालं. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगते, तोंडी विचारू नका, अर्ज द्या आणि कॉपीवर शिक्का घ्या.

मुलींसाठी एक मुद्दाम सांगते. बायोकेमिस्ट कमला सोहोनी १९३३ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संशोधनासाठी प्रवेश मागायला गेल्या तेव्हा तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नकार दिला होता, ह्या हटल्या नाहीत, शेवटी वर्षभर प्रोबेशनवर ठेवायच्या अटीवर घेतलं. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी घेतली आणि पुढे आपल्या मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालिका झाल्या. आज निदान नियम तरी तुमच्या बाजूने आहेत. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडी करणाऱ्या बाईला मॅटर्निटी किंवा चाइल्ड केअरसाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. मुदत सहा वर्षांची, री-रजिस्ट्रेशन करून आणखी दोन, आणि बायकांना त्यावर अजून दोन. दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या वर असेल तर त्यांनाही तसंच. बदलापूरच्या एका मुलीने बाळ झाल्यावर रजिस्ट्रेशन कॅन्सल करायचा अर्ज टाईप करून ठेवला होता, तिला हे माहीतच नव्हतं. तो अर्ज आम्ही दोघींनी मिळून फाडला.

पीएचडी झालेल्यांसाठी थोडक्यात सांगते, एएनआरएफ, म्हणजे संशोधनाला पैसे देणारी केंद्र सरकारची संस्था, तिची नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिप आहे, सायन्स आणि इंजिनिअरिंगवाल्यांना, वयाची अट साधारण ३५, राखीव गटांना आणि महिलांना सवलत. नुकतेच लागलेल्या फॅकल्टीसाठी त्यांचीच अर्ली करिअर ग्रांट आहे. सोशल सायन्सवाल्यांनी आयसीएसएसआरचं, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचं, पश्चिम विभागीय केंद्र बघा, आपल्या कलिना कॅम्पसमध्येच आहे, रोज त्याच्यासमोरून जाता.

आणि जर्नल वाचायला पैसे भरू नका. जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेत सरकारी संस्थांना जवळपास १३,००० जर्नल्स खुली झालीयत, तुमच्या लायब्रेरियनला लॉगिन विचारा. जुने थिसीस शोधगंगा ह्या वेबसाईटवर फुकट आहेत. इतिहासवाल्यांना काळा घोड्याला एल्फिन्स्टनच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे आणि तिथून चालत फोर्टात एशियाटिक सोसायटीची लायब्ररी, दिवस पुरत नाही.

पेन हाताशी असेल तर शेवटचं एक लिहून घ्या. थिसीस अडकलाय, गाईड बोलत नाही, रात्री झोप येत नाही, घरचे विचारतायत कधी संपणार, असं झालं असेल तर टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाईन, नंबर १ ४ ४ १ ६. फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलतात. परत सांगते, १ ४ ४ १ ६. नमस्कार.