आधी गटार बघा

(समोरची काच. वायपर. बाहेर नुसतं पांढरं.)

जुलैचा तिसरा आठवडा, सकाळचे साडेसहा. वाईतून निघालेल्या या गाडीत दोघं मित्र आहेत. एक चालवतोय, दुसऱ्याच्या मांडीवर सुती फडकं आणि वही. पावसाळी घाटात शेजारी बसणाऱ्याला झोपायची मुभा नसते. चालवणाऱ्याची नजर डांबरावरून हलत नाही, त्यामुळे डोंगर, गटार, मोऱ्या (रस्त्याखालून पाणी पलीकडं नेणाऱ्या नळ्या) आणि कठडे बघायचं काम शेजारच्याचं.

वाट ठरलेली आहे: पसरणी घाटानं पाचगणी, पुढं महाबळेश्वर आणि तिथून आंबेनळी घाटानं खाली पोलादपूर. हंगाम संपलेला. वेण्णा तलावावर एकही होडी सुटलेली नाही. महाबळेश्वरच्या बाजारात घरांच्या पाऊसबाजूला गवताचे आणि प्लॅस्टिकचे आडोसे बांधलेत. मुक्काम स्वस्त, रस्ता मोकळा. म्हणूनच या दिवसांत लोक घाटात येतात आणि धबधबे बघून परत जातात.

(आतून धुरकटलेली काच. फडकं फिरतं, पुन्हा धुरकटते.)

दोन ओली माणसं बंद गाडीत बसली की काच आतून धुरकटते. फडक्यानं पुसून ती दोन मिनिटं टिकते. एसी चालू करायचा, झोत समोरच्या काचेवर घ्यायचा आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा आत येऊ द्यायची. एसी हवेतला ओलावा काढून घेतो, काच मोकळी होते. धुक्यात अप्पर लावायचा नाही. तो उजेड थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. डिपरवर चालायचं. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवायची नाही, कारण तुम्ही वळताय की थांबलाय हे मागच्याला कळत नाही. ती खूण थांबलेल्या गाडीची.

टायरची नक्षी कायद्यानं १.६ मिलिमीटर पुरते. या रस्त्याला ३ मिलिमीटरच्या खालचे टायर आणू नयेत. डांबरावरच्या पाण्याला खाचांतून बाजूला जायला जागा मिळाली नाही, तर टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टेअरिंग हातात हलकं लागतं. तसं झालं तर ब्रेक मारायचा नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टेअरिंग सरळ धरायचं.

(महाबळेश्वर मागे पडतं. पाटी: पोलादपूर.)

इथून आंबेनळी. ब्रिटिशकाळात याला फिट्झगेराल्ड घाट म्हणत. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, पोलादपूर शंभर मीटरच्याही खाली, आणि मधलं अंतर चाळीसेक किलोमीटर. या उताराला एकच नियम: चढताना जो गिअर लागला असता, त्याच गिअरवर उतरायचं. दुसऱ्यावर गाडी इंजिन धरून ठेवतं. चौथ्यावर सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो, पॅड तापतात, पेडल मऊ होतं. न्यूट्रल तर नाहीच. अरुंद जागी वर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, कारण ओल्या चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं जास्त अवघड.

(मोठा धबधबा. रस्त्यावर पाण्याचा शिडकावा. दृश्य लांबेल तेवढं लांबू द्यावं.)

आता कॅमेरा खाली येतो, रस्त्याच्या डोंगराकडच्या कडेला. हा घाट ज्याच्यावर उभा आहे ते हे गटार. सव्वा-दीड फूट रुंद, दगडाचं, शेवाळलेलं.

महाबळेश्वरचं पठार वरून जांभ्याचं, खाली काळ्या कातळाचं. जांभा पाणी पितो. कातळ पीत नाही. मग मुरलेलं पाणी कातळाच्या थरावरून आडवं सरकत जातं आणि जिथं रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथं बाहेर फुटतं. कातळाच्या दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं तांबड्या मातीचा पट्टा असतो. तो भिजला की साबणासारखा निसरडा होतो, आणि वरची माती, झाडं, धोंडे त्याच्यावरून घसरतात. तीच दरड. रस्त्याचा दरीकडचा भाग तर बऱ्याच ठिकाणी कापलेल्या दगडमातीच्या भरावावर असतो. भरावात पाणी शिरलं की तो खालून सुटायला लागतो. तेव्हा डोंगरातून आलेलं पाणी रस्त्यावर न चढता गटारात पडलं पाहिजे, गटारातून मोरीत, आणि मोरीतून रस्त्याखालून दरीत. या वाटेत एक मोरी तुंबली तरी सगळं बिघडतं.

(मोरीचं तोंड. अगदी जवळून.)

ही बघा. वरून वाहत आलेल्या कारवीच्या काड्या आडव्या अडकल्यात. त्यांच्यावर पानांचा लगदा, त्यात वेफर्सची दोन पाकिटं, मागं डोक्याएवढा धोंडा. पाणी फूटभर तटलंय. ते आता रस्ता ओलांडून पलीकडच्या कठड्याच्या पायथ्याशी पडतंय. कठडा अजून सरळ उभा दिसतो, पण त्याच्याखालची माती धुपायला लागलीय. इथं डांबरावर चंद्रकोरीसारखी भेग दिसली, तर तो तुकडा दरीकडं बसायला लागलाय असं समजायचं आणि गाडी डोंगराच्या अंगानं न्यायची. भेगेच्या दोन्ही बाजूंत पातळीचा फरक पडला असेल, तर न्यायचीच नाही.

मोरी उपसायचीही रीत आहे. आधी दरीकडचं तोंड मोकळं करायचं, मग डोंगराकडचं. उलटं केलं तर सुटलेला सगळा गाळ नळीत जाऊन मधोमध बसतो, आणि तिथं फावडं पोचत नाही. धोंडा पहारीनं बाजूला करायचा. त्याच्यामागं पाणी तटलेलं असताना समोर उभं राहायचं नाही. उपसलेला गाळ दरीच्या काठावर टाकायचा नाही, तो भरावावर भार होतो. घमेल्यानं लांब न्यायचा. मोरीच्या तोंडाशी खोलगट कुंडी असते, तिचा तळ दिसेपर्यंत गाळ काढायचा, म्हणजे पुढच्या पावसातले दगड कुंडीत बसतात, नळीत जात नाहीत. साइडपट्टीवरचं गवत आणि चढलेली माती खरवडायची. साइडपट्टी डांबरापेक्षा उंच झाली की पाण्याला गटाराची वाट बंद होते आणि ते चाकांच्या रेषेतून खाली पळतं. खड्डे तिथूनच सुरू होतात.

हे सगळं एप्रिल-मेमधलं काम, आणि पावसात रोजची फेरी. पूर्वी ठराविक अंतराला एक मैलकुली, म्हणजे रस्ता राखणारा मजूर, असायचा. फावडं, कुदळ, कोयता, डोक्यावर इरलं. आपल्या टप्प्यातली प्रत्येक मोरी त्याला माहीत असायची. कुठली आधी तुंबते, कुठल्या वळणावर वरून दगड येतात, तेही. आता दरड आली की जेसीबी येतो. जेसीबी दरड उचलतो. मोरीच्या तोंडात अडकलेली काडी काढायला माणूसच लागतो, आणि तो घाटात रोज हवा.

(संरक्षक भिंत. भोकांतून पाण्याच्या धारा.)

भिंतीतली ही भोकं पाण्यासाठीच ठेवलेली आहेत. पावसात ती वाहत असतील तर भिंत ठीक. मुसळधार पाऊस आणि भोकं कोरडी, म्हणजे पाणी भिंतीमागं साठतंय. अशी भिंत मध्ये फुगते आणि मग येते. तिच्याखाली गाडी उभी करायची नाही, फोटोलाही नाही.

शेजारच्यानं बघायच्या खुणा आणखी काही. नितळ वाहणारा ओहळ एकाएकी तांबडा झाला, तर वर माती सुटलीय. भर पावसात ओहळ आटला, तर वर कुठंतरी पाणी अडलंय, आणि ते एकदम येणार. रस्त्यावर सुपारीएवढे ताजे खडे, ओली माती लागलेले. नवी वाकलेली झाडं. यातलं काहीही दिसलं की थांबून वर बघत बसायचं नसतं. वाहन मागं घेता येत असेल तर मागं, नाहीतर तो तुकडा न थांबता पार करायचा.

(गाडीतला आवाज: "थांब, थांब. पाणी गढूळ आहे." "कुठं?" "डोंगराकडं. मागं घे आधी.")

रस्त्यावरून वाहणारं पाणी किती खोल आहे ते कठड्यावरून कळतं. कठड्याचा पायथा दिसत नसेल तर गाडी पाण्यात घालायची नाही. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी ढकलू शकतं. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर आतला रॉड वाकतो. पाण्यातून बाहेर आल्यावर हळू चालत ब्रेक दोन-चारदा हलका दाबायचा, म्हणजे डिस्क सुकतात.

२२ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, हा घाट जागोजागी तुटला, आणि त्याच दिवशी खाली महाड तालुक्यात तळिये गावावर दरड आली.

(ढग फाटतात. खाली सावित्रीचं खोरं.)

पठारावर पडलेलं पाणी पूर्वेकडं वळलं तर कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातं. पश्चिमेला घसरलं तर या खोऱ्यातून सावित्रीला, आणि चाळीसेक किलोमीटरमध्ये कोकणात. घाटातल्या मोऱ्यांमधून सुटलेलं हेच पाणी.

(महाडजवळचा मुंबई-गोवा महामार्ग. सावित्रीवरचा नवा पूल. निवेदन थोडं थांबेल.)

इथला ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला. नवा पूल जून २०१७ मध्ये सुरू झाला.

(पोलादपूर एसटी स्टँड. दुपार.)

परतीचं आता ठरवायचं. आंबेनळी बंद झाला तर वरंध्यानं भोर, पण वरंधाही पावसात बरेचदा बंद असतो. मग महाड, माणगाव आणि ताम्हिणीनं पुणे. मोबाइलचा नकाशा बंद रस्ताही कधी कधी चालू दाखवतो आणि घाटात रेंज नसते, म्हणून स्टँडवर विचारायचं. वरून नुकती आलेली एसटी शोधायची, ड्रायव्हरचा चहा होऊ द्यायचा. "रस्ता चालू आहे का" एवढ्यानं भागत नाही. कुठल्या वळणावर पाणी रस्त्यावर होतं, दगड ताजे होते का, जेसीबी उभा होता का, हे विचारायचं. मित्राच्या वहीत चार ओळी होतात. दोघं चाकांच्या खाचांतले खडे काढतात, रिमला हात लावून बघतात. पुढचं डावं चाक अजून गरम आहे. अर्धा तास थांबायचं.