पहिल्या पसंतीच्या पुढे

[दृश्य: सकाळ. चोपडा–यावल रस्ता, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा]

या रस्त्यावर सकाळी केळीच्या गाड्या आणि काळे कोट एकदमच दिसतात. कोट अंगात नाही, मोटारसायकलच्या हँडलला अडकवलेला. उन्हाळ्यात खान्देशात कोट घालून गाडी चालवणं म्हणजे शिक्षाच. कोर्टात पोचायचं, बोर्डावर दिवसभराच्या खटल्यांची यादी बघायची, पक्षकार गाठायचा, तारीख घ्यायची. आपल्या तालुक्याची वकिली अशी चालते.

[दृश्य: बार रूम]

ही बार रूम, कोर्टातली वकिलांची खोली. भिंतीवर जुन्या अध्यक्षांचे फोटो, कोपऱ्यात लोखंडी कपाट, पंख्याची घरघर. आज मधल्या टेबलावरच्या फाइली बाजूला सारल्यात. जेवणाच्या सुटीत इथे मतदान आहे. सरावाचं.

खरं मतदान महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचं. आपल्याला सनद देते ती ही संस्था. १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानुसार तिचे २५ सदस्य वकिलांनीच निवडून द्यायचे, पाच वर्षांसाठी. २०१८ च्या मतदानानंतर पाच वर्षं सरली तरी पुढची निवडणूक लागेना. अखेर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्याराज्यांतल्या बार कौन्सिलांसाठी मुदत घालून द्यावी लागली. इतकी वाट पाहून हाती येणारं मत, आणि बार रूममध्ये ऐकू येतं काय? "मत दीसन काय व्हनार शे, भाऊ?"

याचं उत्तर अप्पा टेबलावर मांडून दाखवणार आहेत. इथले सगळ्यात ज्येष्ठ वकील. ज्युनिअर त्यांना अप्पाच म्हणतात.

[दृश्य: अप्पांचे हात, कागदाच्या चिठ्ठ्या, बिस्किटाचा रिकामा डबा]

उमेदवार चार : केळी, कापूस, भरीत, मिरची. जागा दोन. चिठ्ठीवर फुली मारायची नाही, शिक्का नाही. आवडत्या नावापुढे १, मग २, मग ३. पसंतीक्रम.

डब्यात ३१ चिठ्ठ्या पडल्या. पहिलीच बाद. एका ज्युनिअरने सवयीने खाली सही ठोकली आहे. दिवसभर वकालतनाम्यांवर सह्या करणारा हात, त्याचा तरी काय दोष! पण मतपत्रिकेवर ओळख पटेल अशी खूण चालत नाही. १ हा आकडाच नसेल, किंवा दोघांपुढे १ असेल, तरी मत गेलं.

उरल्या ३०. आता कोटा. जागा दोन, त्यात एक मिळवायचा, तीन. तिसाला तीनने भागलं, दहा. वर एक. अकरा मतं मिळाली की निवडून आला.

[दृश्य: चिठ्ठ्यांचे चार गठ्ठे]

केळीला ११. केळी निवडून आली, यावल-रावेरकरांच्या टाळ्या. भरीत ८, कापूस ७, मिरची ४. मिरची सगळ्यात मागे, म्हणून बाद. पण मिरचीला मत देणारे बाद झालेले नाहीत, हे नीट बघा. अप्पा त्या चारही चिठ्ठ्या पुन्हा उघडतात आणि पुढची पसंती वाचतात. दोन कापसाकडे गेल्या. कापूस ९. एक भरताकडे. भरीतही ९.

चौथ्या चिठ्ठीवर फक्त १ आहे. पुढे कोरं.

ती कुठल्याच गठ्ठ्यावर ठेवता येत नाही. अप्पा ती दोन गठ्ठ्यांच्या मधोमध ठेवतात. कोणाची ते विचारत नाहीत; मत गुप्त असतं.

[दृश्य: मधली चिठ्ठी, जवळून]

खऱ्या निवडणुकीत, कायद्यानुसार, जागा २५. म्हणजे वैध मतांना २६ ने भागायचं आणि एक मिळवायचा. शंभरात चार मतंसुद्धा लागत नाहीत. अक्कलकुव्यापासून मुक्ताईनगरपर्यंत, जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये विखुरलेली आपली मतं एकत्र येण्याची सोय या हिशोबातच आहे. नावडता उमेदवार पडेल की नाही याची काळजी करत बसण्यापेक्षा चार-पाच लायक नावं शोधा आणि क्रमाने लिहा. ज्युनिअरला विद्यावेतन मिळावं म्हणून कोण बोललं, तालुक्याच्या बार रूममध्ये कोण येऊन गेलं, हे आपल्यालाच ठाऊक असतं. मुंबईत बसून ते कोणाला कळायचं नाही.

सनद, गैरवर्तनाच्या तक्रारी ऐकणारी शिस्तपालन समिती, अडचणीतल्या वकिलाला मदत, बार कौन्सिल ऑफ इंडियावर जाणारा राज्याचा प्रतिनिधी : हे सगळं त्या २५ जणांच्या हातातून जातं.

[दृश्य: बाहेर व्हरांडा. शिपायाचा पुकारा]

सुटी संपली. कोट अंगात चढतात, गळ्यातले पांढरे बँड सारखे होतात, खुर्च्या मागे सरतात. टेबल आवरायला कोणालाच वेळ नाही.

[दृश्य: रिकामी बार रूम. नऊ चिठ्ठ्या, नऊ चिठ्ठ्या, मध्ये एक. पंख्याच्या वाऱ्याने तिची कड हलते आहे]

उद्या जेवणाच्या सुटीत पुन्हा सराव आहे.