निळ्या उजेडात तोंड तपासताना

तोंडाचा कॅन्सर शोधायला दुर्बीण आत घालावी लागत नाही. गाल बोटाने बाजूला केला की जागा समोर दिसते. तरीही आपल्याकडचे बहुतेक रुग्ण तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात रुग्णालयात पोचतात. तेव्हा निळ्या उजेडाच्या यंत्राबद्दल बोलण्याआधी साध्या डोळ्यांची ताकद सांगायला हवी. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ साली सुरू झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी नुसत्या उजेडात लोकांची तोंडं तपासली. २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले होते. यंत्र विकणारा हा आकडा सहसा सांगत नाही.

आता निळा उजेड. ४०० ते ४६० नॅनोमीटरचा प्रकाश तोंडाच्या अस्तरावर टाकला की पेशींच्या चयापचयातलं एफएडी हे रसायन आणि अस्तराखालचं कोलॅजन हे धाग्यांसारखं प्रथिन तो शोषून घेतात आणि थोडा हिरवट प्रकाश परत सोडतात. यालाच स्वयंप्रतिदीप्ती म्हणतात. परत येणारा प्रकाश इतका क्षीण असतो की निळा अडवणारा फिल्टर मध्ये नसेल तर काहीच दिसत नाही. निरोगी अस्तर फिकट हिरवं दिसतं, बिघडलेली जागा काळपट. काळपटपणाची कारणं तीन. वरचा थर जाड होतो आणि पेशींचा चयापचय बदलतो, खालच्या कोलॅजनची वीण तुटते, आणि रक्तवाहिन्या वाढतात. हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त प्रकाश गिळतं, त्यामुळे तिसरं कारण फार बोलकं असतं आणि तेच फसवतंही. दाताच्या टोकाने खरचटलेला गाल, हिरडीची सूज, तिखटाने भाजलेली जागा, सगळीकडे रक्त वाढतं आणि सगळं काळंच दिसतं.

म्हणून क्रम सोडायचा नाही. कवळी काढायला लावा, दोनदा चूळ भरून घ्या. मिश्री किंवा पानाचा रंग अस्तरावर राहिला असेल तर तो प्रकाश शोषतो आणि खोटा काळा डाग तयार होतो. आधी पांढऱ्या उजेडात, दोन आरसे वापरून सगळं तोंड पाहा: ओठाची आतली बाजू, गाल आणि हिरडीमधली खाच, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालचा भाग, टाळू. आपल्याकडे तंबाखूचा बार त्या खाचेतच धरला जातो, त्यामुळे तिथे जास्त वेळ द्या. बोटाने चाचपून कडकपणा बघा, मानेच्या गाठी बघा. दिसलेला प्रत्येक चट्टा कागदावर मांडा. मग खोलीत पूर्ण अंधार करा, रुग्णाला संरक्षक चष्मा द्या आणि मगच निळा उजेड लावा. काळा डाग दिसला की आरशाच्या पाठीने हलकेच दाबा. रक्त बाजूला सरून हिरवा रंग परत आला तर सूज असण्याची शक्यता जास्त. काळाच राहिला तर शंका पक्की धरा. जाड पांढरा चट्टा मात्र केराटिन या कडक प्रथिनामुळे उलट चमकू शकतो. चमकतो म्हणजे निर्धोक, असं समजू नका.

फोनला जोडायची यंत्रंही आता आली आहेत. बंगळुरूचं मजुमदार शॉ कॅन्सर केंद्र आणि अमेरिकेतलं अ‍ॅरिझोना विद्यापीठ यांच्या सहभागातून असं दुहेरी यंत्र बनलं: एकीकडे पांढरा उजेड, दुसरीकडे ४०५ नॅनोमीटरचे एलईडी. फोटो काढताना बिघडतं ते कॅमेऱ्याच्या हुशारीने. दात स्वतः झगमगतात, कॅमेरा ते पाहून एक्सपोजर कमी करतो आणि निरोगी गालही काळवंडतो. एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही लॉक करा. लाळेची चकाकी पांढऱ्या फोटोत आडव्या-उभ्या पोलरायझरने (एकाच दिशेचा प्रकाश सोडणाऱ्या फिल्टरने) मरते, नाहीतर जागा गॉझने टिपून घ्या. पण गॉझचे धागे तिथे राहू देऊ नका, तेही चमकतात. जिभेच्या पाठीवरचा नारिंगी-लाल रंग बहुधा जंतूंमधल्या पॉर्फिरिन या रंगद्रव्याचा असतो.

सबम्यूकस फायब्रोसिसचा, म्हणजे अस्तर कडक होऊन तोंड नीट उघडेनासं झालेला, रुग्ण आला तर अडचण वेगळी. उभी तीन बोटं आत जात नाहीत, तिथे यंत्राचं टोक कुठलं जाणार? शिवाय कोलॅजन साचल्याने अस्तर पांढुरकं, उजळ दिसतं. अशा तोंडात यंत्रावर विसंबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता थोडं गणित. समजा गावात १००० जण तपासले आणि त्यात २० जणांना खरोखर धोक्याचे चट्टे आहेत. यंत्र ८० टक्के खरे रुग्ण पकडतं आणि ७० टक्के निरोग्यांना बरोबर सोडतं, असं धरू. १६ जण सापडतील, चार निसटतील आणि २९४ निरोगी माणसं घाबरून तालुक्याला जातील. त्यांच्यातले बरेच पुढच्या वेळी तपासायला येणारच नाहीत. म्हणून निळा उजेड सरसकट चाळणीसाठी वापरू नका. डोळ्यांना खटकलेल्या चट्ट्यासाठीच तो राखून ठेवा. संगणकाने फोटो वाचला तरी हे गणित टळत नाही. त्याला शिकवलेले फोटो बायॉप्सीने, म्हणजे तुकडा काढून तपासून, ठरवलेले नसतील तर तो फक्त शिकवणाऱ्या डॉक्टरचं मत घोकतो.

नॅरो बँड इमेजिंग हे ठरावीक रंगांच्या प्रकाशाचं तंत्र ४१५ आणि ५४० नॅनोमीटरला अस्तरातल्या केशवाहिन्यांचे वेटोळे दाखवतं. ओसीटी हे प्रकाशाने चित्र काढणारं तंत्र एक-दोन मिलिमीटर खोलवरचा छेद दाखवतं. दोन्ही चांगली, पण ती मोठ्या रुग्णालयाची साधनं.

शस्त्रक्रियेचं काय? कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की काळपटपणा डोळ्यांना दिसणाऱ्या कडेपलीकडे २५ मिलिमीटरपर्यंत पसरलेला असू शकतो. त्यावरून आशा वाढली. पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्याच यादृच्छिक चाचणीत (रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडून केलेल्या तुलनेत) त्या काळपट कडेवरून कापल्याने कॅन्सर पुन्हा उलटण्याचं प्रमाण घटलं नाही.

बायॉप्सीची जागा निवडायला मात्र उजेड कामाचा. मोठ्या, एकसारख्या नसलेल्या चट्ट्यात सर्वांत काळ्या किंवा लाल भागातून, कडेचं थोडं निरोगी अस्तर धरून तुकडा घ्या. सडलेल्या मधल्या भागातून नको. खरचटण्याचं कारण दिसत असेल तर ते दूर करा, दोन आठवड्यांनी पुन्हा बघा, आणि चट्टा तसाच असेल तर तुकडा काढायला पाठवा. चिठ्ठीवर चट्ट्याची जागा, मिलिमीटरमधला आकार, कडकपणा आणि दाबल्यावर रंग परतला की नाही हे लिहा. तुकडा तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला ‘निळ्या उजेडात पॉझिटिव्ह’ एवढंच लिहून पाठवलं तर त्याला काहीच कळत नाही.