‘प्रथम’: पवईतल्या पोरांचा उपग्रह

[दृश्य: टेबलावर उघडी चौकट, भोवती पांढऱ्या कोटातली मुलं]

हा ‘प्रथम’. वजन सुमारे 10 किलो. पवईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी तो बांधायला घेतला 2007 साली. इंजिनिअरिंगची पदवी चार वर्षांची, उपग्रहाला लागली नऊ! ज्यांनी पहिली आकृती काढली, ती मुलं केव्हाच पास होऊन बाहेर पडली होती. सीनियर जायचे, ज्युनियर यायचे, अर्धवट सर्किट नव्या बॅचच्या हाती पडायचं आणि काम तिथून पुढे सरकायचं. आमच्या मते या उपग्रहाचं सगळ्यात मोठं कौतुक हेच.

[क्लोज-अप: तांब्याच्या तारेचं वेटोळं]

हे वेटोळं बघा. यात वीज सोडली की त्याचा चुंबक होतो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात हा चुंबक वळू पाहतो आणि आपल्याबरोबर अख्ख्या उपग्रहाला वळवतो. थेंबभर इंधन लागत नाही.

[दृश्य: गच्चीवरची अँटेना]

आता ‘प्रथम’चं काम. वातावरणात खूप उंचावर, शेकडो किलोमीटरपर्यंत, उन्हाच्या माऱ्याने अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. हा थर म्हणजे आयनोस्फिअर. जीपीएसचा संदेश त्यातून येताना रेंगाळतो आणि ठिकाण चुकतं. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जिथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीला समांतर असतं ती रेषा, भारताच्या दक्षिण टोकावरून, केरळातल्या थुंब्याजवळून जातं, त्यामुळे आपल्या डोक्यावरचा हा थर फार चंचल. त्यातले इलेक्ट्रॉन मोजायचे होते.

युक्ती साधी आणि देखणी आहे. उपग्रह दोन रेडिओलहरी सोडतो, एक 146 मेगाहर्ट्‌झच्या आसपास, दुसरी 437 च्या. लहर निघताना ज्या दिशेत कंप पावत असते, ती दिशा इलेक्ट्रॉनांमधून येताना फिरते. इलेक्ट्रॉन जितके जास्त, तितकी जास्त. शिवाय पहिली लहर दुसरीच्या जवळजवळ नऊपट फिरते. दोघींतला फरक काढला की इलेक्ट्रॉनांचा हिशेब लागतो.

आणि ही सगळी मोजणी होते जमिनीवर. गच्चीवर अशी अँटेना उभारली की दुसऱ्या कॉलेजातल्या मुलांनाही त्यात उतरता येतं. योजना पहिल्यापासून तशीच आखलेली होती. उपग्रह एका संस्थेचा, पण अभ्यास अनेकांचा. असे प्रकल्प आपल्या प्रत्येक विद्यापीठात व्हायला हवेत.

[दृश्य: श्रीहरिकोटा, उड्डाण]

26 सप्टेंबर 2016, सकाळचे 9 वाजून 12 मिनिटं. इस्रोचं रॉकेट पीएसएलव्ही-सी35, आत आठ उपग्रह.

[आवाज: फक्त रॉकेटचा]

मुख्य उपग्रह स्कॅटसॅट-1 वीस मिनिटांच्या आत सुटला. ‘प्रथम’ची पाळी यायची होती. रॉकेटच्या शेवटच्या, चौथ्या टप्प्याचं इंजिन थांबलेलं. ते पुन्हा पेटवून रॉकेटला दुसऱ्या, खालच्या कक्षेत जायचं होतं. बंगळुरूच्या विद्यार्थ्यांचा ‘पायसॅट’ही याच रांगेत. तब्बल सव्वादोन तास चाललेल्या या मोहिमेत आठही उपग्रह आपापल्या कक्षेत सुटले.

‘प्रथम’साठी ठरवलेलं आयुष्य चार महिन्यांचं. पवईतल्या गटाने पुढचा उपग्रह हाती घेतला, त्याचं नाव ‘अद्वितीय’.