वीतभर अंतर

श्रोतेहो, नमस्कार. घरच्या कॉम्प्युटरवर स्वतःचं गाणं रेकॉर्ड करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, माइक कुठला घेऊ? खरं तर आधी विचारायला हवं, माइकपासून किती लांब बसू?

नोव्हेंबर १९०२. कलकत्त्यातल्या एका हॉटेलच्या खोलीत ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यंत्र मांडून बसले होते. गायला आल्या होत्या गौहरजान. माइक नाही, अँप्लिफायर नाही. समोर फक्त कर्णा. कर्ण्याच्या अरुंद टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई आणि सुईखाली फिरणारी मेणाची तबकडी. गळ्यातून निघालेल्या हवेच्या जोरावरच त्या सुईनं मेणात खाच पाडायची. आवाज कमीजास्त करायचं बटण नव्हतं, म्हणून गाणाऱ्यानंच पुढंमागं व्हायचं. हळू स्वर असला की कर्ण्याजवळ, तार सप्तकात गेलं की मागं. जोरदार तान थेट कर्ण्यात गेली तर आवाज फाटायचा. बरं, नीट झालंय का हे ऐकून बघायचीही सोय नाही, कारण वाजवून पाहिलं की मेणावरची खाचच खराब व्हायची. आणि हे सगळं जेमतेम तीन मिनिटांत बसवायचं. गाणं संपताच गौहरजान इंग्रजीत म्हणायच्या, ‘माय नेम इज गौहरजान’. कारण ती तबकडी जर्मनीत हॅनोव्हरला जायची, आणि रेकॉर्ड छापणाऱ्या तिथल्या माणसांना गाणारी कोण हे कळायला हवं ना!

कर्णा गेला, पण अंतर राहिलं. माइक तोंडापासून वीतभर, फार तर वर चार बोटं. पुन्हा सांगतो, वीतभर. आणि तोंडासमोर सरळ नको, किंचित बाजूला. नाहीतर ‘पांडुरंग’ म्हणताना ‘प’चा झोत माइकवर धप्पकन आदळतो आणि तो ठोका नंतर सहजासहजी काढता येत नाही. तार सप्तकात मान थोडी मागं घ्या.

आता पातळी. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. गाण्यातली सगळ्यात जोरदार तान आधी गाऊन पाहा. मीटरचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबला पाहिजे. मुखडा गुणगुणून पातळी लावली तर तानेला लाल दिवा लागणारच, आणि लाल दिवा लागला की ती तान फाटली समजा.

पंखा बंद, फ्रीज थोडा वेळ बंद. पाठीमागं दोरीवर दोन जाड गोधड्या. पाठीमागं बरं का, कारण माइकचं तोंड तुमच्याकडे असतं आणि तुमच्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज त्याला थेट ऐकू येतो.

तानपुरा कानाला बंद बसणाऱ्या हेडफोनमधून ऐका, आणि हेडफोन वायरचाच हवा. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो, मग लय मागं पडते. वायर असूनही स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधला बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाज पुढं पाठवण्याआधी जेवढा साठवतो तो साठा, १२८ सॅम्पलवर आणा, म्हणजे तो उशीर कमी होतो. तडतड ऐकू आली तर २५६ करा. माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीवर, म्हणजे इंटरफेसवर, थेट ऐकायचं बटण असेल तर तेच वापरा, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

पेटी वेगळ्या ट्रॅकवर वाजवणार असाल तर आधी तिचा सूर बघा. जुन्या पेटीची काळी एक बहुतेक वेळा तानपुऱ्याच्या ॲपमधल्या काळी एकशी जुळत नाही. पेटी काही हलणार नाही, म्हणून ॲपचा सूर बारीक सरकवून तिच्याशी मिळवा, आणि हे गायच्या आधी. आणि सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर आपल्या गाण्याला लावू नका. ते मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कापून तिच्या पायऱ्या करतं.

लाल बटण दाबलं की लगेच गाऊ नका. दहा सेकंद गप्प बसा. खोलीची ती घरघर ट्रॅकवर आली की पुढं ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये तिचाच नमुना देऊन गाण्याखालची घरघर कमी करता येते. मग स्वतःचं नाव, राग, पट्टी आणि कितव्यांदा गाताय ते मोठ्यानं सांगा. ‘भीमपलास, काळी एक, तिसऱ्यांदा’. एवढं बोललात की महिन्यानं ‘ऑडिओ सतरा’ नावाची फाइल उघडल्यावर आत काय आहे ते पहिल्या वाक्यालाच कळेल.